न मागितलेला आशीर्वाद

"आठवत नाही, बाईसाहेब," इल्डा पुन्हा म्हणाली. शिंपले सोलून राठ झालेली तिची बोटं पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

समोर आरोपीच्या खुर्चीत देल्फिम. बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातांवर धरलेलं. ती त्याची धर्मआई. बेकरीवाल्या म्हाताऱ्याला गोळी घालून पळाला तो देल्फिमच, हे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीपुढे शपथेवर सांगणारीही तीच. तेव्हापासून देल्फिमची आई तिच्या उंबऱ्यावर डोकं आपटत होती. "इल्डे, आठवत नाही म्हण गं! तू विसरलीस की खटला खलास!" बंदरावरच्या सगळ्या गल्लीचा कायदा हाच होता.

न्यायाधीशबाईंनी ज्युरीला बाहेर पाठवलं. "त्या दिवशी हातात काय होतं तुमच्या?"

"ईस्टरचा गोड पाव. मधे अख्खं अंडं घातलेला."

"पाऊस होता?"

"छे! नुसता बोचरा वारा."

"आणि बेकरीतून धावत आलेला माणूस तेवढा आठवत नाही?"

इल्डानं ओठ चावला. मेली जीभ!

"बाई, तुम्ही विसरला नाहीत. सोंग करताय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमची जुनी साक्ष ज्युरीला वाचून दाखवली जाईल."

"अहो, पण मी विसरले ना!"

"खरंच विसरला असतात तर ती वाचता आली नसती. विसरल्याचं सोंग केलंत, म्हणूनच," सरकारी वकील म्हणाला.

ज्युरी परतली. कारकून तेव्हाचे सवाल-जवाब सपाट आवाजात वाचू लागला. शब्द तिचेच होते, आणि आता ते कुणाच्या बापाच्यानं थांबणार नव्हते.

"'तोंडाला फडकं बांधलेलं. मला पाहून थबकला. म्हणाला, आशीर्वाद दे, धर्मआई.' 'मग तुम्ही?' 'देव तुझं भलं करो, म्हटलं. लेकरानं मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?'"

बोलता येऊ लागल्यापासूनची देल्फिमची ही सवय. धर्मआई दिसली की आशीर्वाद मागायचा, मग खेळात असो की भांडणात. हातात पिस्तूल असतानाही पोरगा ते विसरला नव्हता. मागच्या बाकावर त्याच्या आईनं हंबरडा फोडला. मी काही बोललेच नसते तर, मी सगळं बोलले असते तर, असं इल्डाच्या डोक्यात नुसतं भणभणत होतं. त्या म्हाताऱ्याचा पाव तिनं जन्मभर खाल्ला होता, आणि हे पोरही तिचंच होतं.

जेवणाची सुट्टी झाली. ज्युरी गेल्यावर बेड्या घातलेल्या देल्फिमला शिपाई तिच्या अगदी जवळून घेऊन निघाले. इल्डा धडपडत उभी राहिली. 'देव तुझं भलं करो' ओठांवर तयार होतं.

देल्फिमनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान फिरवली आणि काही न मागता पुढे गेला.

अर्धवट उचललेला हात इल्डानं कोटाच्या खिशात घातला.