माझ्या खांद्यावरचा रबराचा पट्टा

मी डुक्कर बोलतोय. दचकू नका, मी फोमचा आहे. दुबईच्या पलीकडे, उम्म अल कुवैनच्या बाहेर एक शूटिंग क्लब आहे. त्याच्या मागच्या भिंतीला टेकून, रिकाम्या ड्रमांच्या शेजारी मी आडवा पडलोय. वारा सुटला की वाळू माझ्या भोकांतून आत शिरते. ती झटकायची ताकद माझ्यात कधीच नव्हती. आता तर इच्छाही नाही.

माझा जन्म साच्यात झाला. कुठल्या देशात ते ठाऊक नाही, कारण डोळे रंगवायच्या आधीच मला खोक्यात घालून टेप मारली होती. डोळे इथे आल्यावर रंगवले. म्हणून मी पाहिलेलं पहिलं जग म्हणजे हे वाळवंट, आणि पहिला माणूस रिझवान.

रिझवान रत्नागिरीकडचा. क्लबमध्ये आलेल्या लोकांना रायफल कशी धरायची ते शिकवणं हे त्याचं काम. मला पाहून तो दोन पावलं मागे सरला. स्टोअरचा जमाल हसला.

"उचल ना हबीबी. फोम आहे. फोमला कसला हराम?"

"फोम आहे ते दिसतंय मला. पण फोनवर अम्मी विचारेल आज काय केलंस, तर काय सांगू? डुक्कर उचललं?"

त्याने मला पायांच्या लोखंडी सळ्यांना धरून उचललं. पुढेही नेहमी तसंच. अंगाला हात न लावता. मी वाईट वाटून घेतलं नाही. तो रोज संध्याकाळी माझी भोकं बुजवायचा, तेवढी माया पुरे होती.

माझ्याकडे जी माणसं यायची, त्यांना परदेशात रानडुकरांच्या शिकारीला जायचं असायचं. जायच्या आधी रायफल आणि काडतूस ठरवायला ती मला गोळ्या घालून बघत. एकदा शार्दूल नावाचे पुण्याचे साहेब आले होते, मुलगा अथर्वला घेऊन. कंपनीच्या बॉसबरोबर ऑस्ट्रेलियाला जाणार होते.

"तुमच्याकडे सगळ्यात मोठी कुठली?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"सर, मोठी नको बघू. तुम्हाला सोसेल ती बघू," रिझवान म्हणाला.

त्यांनी मोठीच घेतली. पहिला बार माझ्यावरून गेला, दुसरा वाळूत. अथर्व म्हणाला, "डॅड, द पिग इज लाफिंग." मी हसत नव्हतो. माझं तोंडच तसं रंगवलंय.

अशी खूप माणसं पाहिली. सगळी बंदुकीबद्दल विचारत. गोळी शिरल्यावर आत काय होतं, ते बघायला माझ्यापर्यंत चालत कोणी येत नसे. मला मात्र ते कळायचं. पूर्ण तांब्यात मढवलेली गोळी सुईसारखी आरपार जायची. मऊ टोकाची आत फुलायची आणि मला पोखरून काढायची. छर्रे आले तर नुसते टोचायचे. एवढंच माझं शिक्षण.

मग रिझवानचे आईवडील व्हिजिट व्हिसावर आले आणि शारजात रोल्लाला त्याच्या खोलीवर राहू लागले. एका शुक्रवारी नमाजनंतर तो त्यांना क्लबमध्ये घेऊन आला. वडील वलीचाचा, उंच आणि वाकलेले. आई मैमुनाबी काठी टेकत चालत होती. तिचा एक पाय जमिनीवर पूर्ण टेकत नव्हता.

का, ते त्यांच्या बोलण्यातून मला हळूहळू कळलं. गावी त्यांची भातशेती. रानडुकरं रातोरात सगळं लोळवून टाकतात. वलीचाचांकडे शेतराखणीच्या लायसन्सची जुनी ठासणीची बंदूक. मागच्या हंगामात, वनखात्याची परवानगी हातात असताना, त्यांनी एका नरावर बार काढला. तो मेला नाही. पिसाळून खाली वहाळाच्या पाण्याकडे धावला. तिथे मैमुनाबी गवताचा भारा बांधत होती.

त्या दिवसानंतर चाचांनी बंदुकीला हात लावला नव्हता.

"अब्बा, शेत विकून टाका," रिझवान म्हणाला. "इकडे येत जा, राहत जा."

"व्हिजिटवर किती येणार? आणि शेत विकून मी तिकडे करू काय? मशिदीच्या पायरीवर बसून माशा मारू?" चाचा म्हणाले. "मला एक सांग. लायसन्सवर रायफल घेतली, तर ते जागच्या जागी पडेल का? पडणार असेल तर शेत ठेवतो. नसेल तर गेल्यावर बंदूक जमा करतो आणि शेतही सोडतो. अर्धवट मारायचं काम पुन्हा नको."

रिझवानने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यातून जाड रबराचा पट्टा आणला होता. तो त्याने माझ्या खांद्यावर चिकटवला. मग चाचा ठासणीत भरत तसल्याच छर्र्यांचं काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत भरलं आणि स्वतः बार काढला. मला काहीच लागलं नाही.

"चला, बघायला," तो म्हणाला.

चाचा माझ्याजवळ आले आणि हातभर लांब थांबले.

"अब्बा, गावी एवढी मारलीत. एकदा तरी जवळ जाऊन बघितलंत, कुठे लागलं ते?"

"मी कशाला बघू? बार काढायचा, वाडीवर हाक मारायची. तिथले खाणारे लोक यायचे आणि घेऊन जायचे. आपण तोंड फिरवून घरी. खलास."

"म्हणूनच तुम्हाला माहीत नाही. नराच्या खांद्यावर कातडीखाली असं जाड कवच असतं. बोट लावा. फोम आहे, अब्बा."

चाचांनी बायकोकडे पाहिलं. मग एक बोट पुढे केलं. छर्रे रबरातच अडकून बसले होते. त्यांनी एकेक चाचपला. त्यांचं बोट मला माझ्या अंगभर जाणवत होतं.

"म्हणजे त्याला नुसतंच डिवचलं मी," ते म्हणाले.

मग रायफल आली. तीनशे आठ बोअरची, मऊ टोकाच्या गोळीची. गावी लायसन्सवर तीनशे पंधरा मिळते, तिचा धक्का साधारण एवढाच, असं रिझवानने सांगितलं. त्याने बार काढला तेव्हा गोळी रबर फोडून आत गेली आणि मी मुळापासून हादरलो.

"आता तुम्ही."

चाचांची गोळी माझ्या पोटात लागली. दुसरीही पोटात. पोटात लागलेलं जनावर लांबवर पळतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

तिसऱ्या वेळी रिझवानने त्यांच्या नकळत दारू नसलेलं खोटं काडतूस भरलं. चाप ओढला, आवाज झाला नाही, पण नळी खाली झुकली आणि चाचांचे डोळे घट्ट मिटलेले सगळ्यांना दिसले.

"लहान रायफल घेऊ," रिझवान हळूच म्हणाला.

"लहान घेऊन डोळे उघडे राहतील का?" चाचा म्हणाले.

दोनशे तेवीस बोअरची आणली. धक्का जवळजवळ नाहीच. गोळी पुन्हा पोटात.

त्यानंतर ते शुक्रवारी येत राहिले. मी थकत गेलो. पोटाकडचा फोम भुसभुशीत झाला, भोकं बुजवलेली जागा पुन्हा उघडू लागली. रिझवान म्हणायचा, "अब्बा, इन्शाल्ला पुढच्या वेळी." चाचा रायफल परत त्याच्या हातात द्यायचे. परतीचं तिकीट जवळ येत होतं.

शेवटच्या शुक्रवारी मैमुनाबी काचेमागच्या खुर्चीवरून उठली. कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि काठी टेकत दार उघडून नवऱ्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

"अम्मी, इथे नको!"

"गप बस. मला विचारू दे." ती चाचांना म्हणाली, "बार काढताना काय ऐकू येतं हो तुम्हाला?"

चाचांनी रायफल टेबलावर ठेवली.

"तुझी किंकाळी," ते म्हणाले. "बार व्हायच्या आधीच. तू पुढे कुठेतरी आहेस असं वाटतं."

"मी मागे आहे." तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हा बघा हात. पुढे फक्त ते फोमचं ध्यान आहे."

ध्यान म्हणजे मी. मला राग आला नाही.

"आणि गावी?" चाचांनी विचारलं.

"गावी पण. राखणीच्या माळ्यावर मी तुमच्या मागे बसणार."

"या पायाने माळ्यावर चढणार तू?"

"शिडी धरायला तुम्ही आहात ना? की ते पण रिझवान येऊन करणार?"

चाचा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी तीनशे आठ उचलली, खांद्याला घट्ट लावली. पाठीवरचा हात तसाच होता. मी समोरून पाहत होतो, आणि शपथेवर सांगतो, त्यांचा डोळा उघडा होता.

गोळी रबर फोडून आत फुलली आणि तिथे माझा खांदा मानेपासून तुटला. मी सळ्यांसकट खाली आलो. आयुष्यात पहिल्यांदा मी जागच्या जागी पडलो.

"तीनशे पंधराच घ्या अब्बा, मऊ टोकाच्या गोळ्या," रिझवान म्हणाला. "पण जवळून. आणि कूस आपल्याकडे करून आडवं उभं असेल तरच."

"नाहीतर बार काढणारच नाही," चाचा म्हणाले.

जमाल गाडी घेऊन आला. "चला, याचं काम खलास."

रिझवान सवयीने सळ्या धरायला वाकला. चाचांनी त्याला बाजूला केलं. ते गुडघ्यावर बसले, माझ्या पोटाखाली एक हात घातला, छातीखाली दुसरा, आणि मला उराशी धरून उचललं. मैमुनाबी म्हणाली, "अहो, कपडे!" ते म्हणाले, "फोम आहे गो." आणि स्वतः चालत मला या भिंतीपाशी आणून ठेवलं.

ते गावी गेले. लवकरच कचऱ्याची गाडी येईल आणि मीही जाईन. त्याबद्दल तक्रार नाही, फार दमलोय. फक्त एक मागणं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात बंदूक येईल, त्यांनी बार काढून तोंड फिरवू नका. चालत जा आणि बघा, कुठे लागलं ते. माझ्या खांद्यावरच्या रबरात अजून एका म्हाताऱ्याच्या बोटाची जागा आहे. वाळू तिथेही भरते आहे, पण ती जागा मला कळते.