एका ओळीवरच्या सात खुणा

मी भिंग बोलतोय. काळ्या मुठीचं, तळहाताएवढं. बारीक असेल ते मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम. पण यंदा मी जे पाहिलं, ते मला दिसलंच नसतं तर बरं झालं असतं.

जन्माचं फारसं आठवत नाही. आधी खूप उष्णता, मग खूप घासणं. पुढे दोन वर्षं एका स्टेशनरीच्या दुकानात खोडरबरांच्या शेजारी पडून होतो. पोरं यायची, माझ्यातून एकमेकांची नाकं बघून हसायची आणि मला तिथंच ठेवून जायची.

मग पाणीपुरवठा कार्यालयातल्या मंडळींनी मला विकत घेतलं. त्यांचे हेडक्लार्क निवृत्त होत होते. "साहेब, आयुष्यभर आमच्या बारीक चुका काढल्यात," एकजण म्हणाला, "आता घरच्यांच्या काढा." सगळे हसले, हेडक्लार्कही हसले. त्यांच्या इमारतीत त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो.

घरच्यांच्या चुका काढायची काकूंनी सोय ठेवली नाही. पण वर्षातून एकदा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची वेळ यायची आणि काकांना पुन्हा नोकरीवर गेल्यासारखं व्हायचं. पेन्शनचा दाखला, बँकेच्या व्याजाचा कागद, औषधांच्या पावत्या, सगळं टेबलावर. स्वतःचं तर ते भरायचेच, शिवाय इमारतीतल्या चार वयस्कर माणसांचंही भरून द्यायचे. पद्धत ठरलेली. मला ओळीवर धरायचं, आकडा मूळ कागदाशी ताडून बघायचा, पुढे पेन्सिलीने एक बारीकशी खूण करायची आणि मगच खालच्या ओळीवर जायचं.

तळमजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्स, न वाचताच सही करायच्या.

"अहो सिस्टर, वाचून तरी बघा."

"तुम्ही वाचलंत ना? मी इंजेक्शन देताना तुम्ही कधी बाटली वाचायला मागितलीत?"

माणसांची ही सवय मी अनेकदा पाहिली. अक्षर बारीक झालं की ती कागदाऐवजी समोरच्याचा चेहरा वाचतात. काकांचा चेहरा वाचून चार माणसं निर्धास्त होती.

मला दोन्ही बाजूंनी दिसतं. खाली आकडा, वर डोळा. काकांचा डोळा ओळींवरून कसा झरझर उतरायचा! यंदा तो उतरेना. सिस्टरच्या व्याजाच्या ओळीवर यायचा, थांबायचा, खूण व्हायची. मग काका खिडकीबाहेर बघायचे, परत वळायचे आणि मला पुन्हा त्याच ओळीवर धरायचे. पुन्हा खूण. मला सांगावंसं वाटायचं, काका, हे झालंय. पण सांगणार कसं?

मुदतीला आठ दिवस उरले असताना सिस्टर वर आल्या. काका आत दुपारची झोप घेत होते. मी स्वयंपाकघरात काकूंच्या हातात होतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला.

"काकांना सांगू नका हं," सिस्टर हळूच म्हणाल्या आणि कर कार्यालयाचं पत्र पुढे केलं. काकूंनी ते माझ्यातून वाचलं. मागच्या वर्षी सिस्टरच्या एका ठेवीचं व्याज दाखवायचं राहून गेलं होतं.

"त्यांच्या हातून?" काकू म्हणाल्या. "कसं शक्य आहे?"

"मलाही तेच वाटलं. म्हणून तर आधी तुमच्याकडे आले."

सिस्टर गेल्यावर काकू टेबलाशी आल्या. चौघांचे गठ्ठे तिथंच होते. सिस्टरच्या कागदावर मला धरून त्या बघत राहिल्या. व्याजाच्या ओळीपुढे सात खुणा. खालच्या नऊ ओळींपुढे एकही नाही. काकूंनी मला शेवटच्या ओळीपर्यंत खाली नेलं आणि पुन्हा त्या सात खुणांवर आणलं.

काका उठल्यावर त्यांनी चहा दिला आणि कागद पुढे सरकवला. "अहो, या ओळीवर सात खुणा आहेत."

काकांनी मला उचललं. मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"कुणी केल्या?"

काकूंनी त्यांची पेन्सिल कागदाशेजारी ठेवली.

"मला दरवेळी वाटलं, मी आत्ताच बसलोय," काका म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "सिस्टरचं मागच्या वर्षीचं नीट गेलं ना गं?"

"एक ओळ राहिली होती. होईल दुरुस्त. मी जाते त्यांच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी काकांनी चारही गठ्ठे विवरणपत्र न भरताच ज्याचे त्याला नेऊन दिले. आठ वर्षांत पहिल्यांदाच. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो, त्यामुळे प्रत्येक दारात ऐकलं.

"या भिंगाची काच गेलीय हो. नीट दिसत नाही. यंदा दुसरीकडे करून घ्या."

मला वाईट वाटलं नाही. माझी काच ठणठणीत आहे. पण म्हाताऱ्या माणसाला टेकायला काहीतरी लागतं, आणि मी खिशातच होतो.

गोष्ट इथं थांबली असती. पण तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे टेलर आले. हातात नवीन भिंग, आत दिवा असलेलं.

"घ्या काका. मी सुईत दोरा ओवायला हेच वापरतो, तुमच्यासाठी एक आणलं. आता सबब चालायची नाही." आणि आपला गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला.

काकांनी दिवा लावून बघितला, बंद केला. आतल्या दाराशी काकू उभ्या होत्या. मला वाटलं, काका म्हणतील, हेही नीट नाही.

"टेलर, बसा," ते म्हणाले. "भिंगाला काही झालेलं नाही. माझं चुकतंय. केलेलं लक्षात राहत नाही."

टेलर बसले. आपला गठ्ठा त्यांनी परत मांडीवर घेतला. मग टेलर म्हणाले, "मीही परवा एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या." काका हसले, पण हसू फार टिकलं नाही.

यंदा काकांचं विवरणपत्र काकू भरताहेत. त्या मोठ्याने वाचतात, काका ऐकतात, खूण काकू करतात. पुढच्या महिन्यात दोघं डॉक्टरांकडे जाणार आहेत. मी टेबलावर दिव्याच्या भिंगाशेजारी असतो.

काका, ती काच गेल्याची तक्रार तुम्ही मागे घेतलीत. ती खुशाल माझ्या नावावर राहू द्यायची होती. मला ती मुळीच जड नव्हती.