घर्षण नगण्य मानून

उतरणीवर ठेवलेला एक चौकोन — उतरणीची रेघ अगदी सरळ, कोपऱ्यात तीस अंशांचा कोन, आणि खाली ओळ : घर्षण नगण्य माना. परीक्षेच्या पेपरात मंगलचं पेन त्या ओळीवर थांबलं. असले प्रश्न तिने पाटोद्याच्या क्लासमध्ये ढिगाने सोडवले होते. त्रिंबक सर सांगायचे, यांत्रिकीवर हमखास येतं, रोटेशनमध्ये वेळ घालवू नका, प्रश्न लांबलचक दिसला तरी आत सूत्र एकच असतं... सूत्र तिला पाठ होतं. पण उतरण आता रेघ राहिली नव्हती — ती फळी झाली होती, ट्रकला टेकवलेली, पहाटेच्या दवाने ओली. आणि चौकोनाच्या जागी डोक्यावर उसाची मोळी घेतलेली माय, अर्ध्यावर चढलेली.

मंगल तेव्हा ऊसतोडीच्या फडावर नव्हती, अभ्यासासाठी गावीच राहिली होती. मायचं पडणं तिने पाहिलंच नाही. म्हणूनच ते इतकं स्पष्ट दिसत असावं. माय, छबुबाई, परतली ती लंगडतच. विचारल्यावर एवढंच म्हणाली, "पाय सरकला. तू आपलं बुकात बघ."

नगण्य माना... पण मानलं, तर त्या फळीवर एक पाऊलही चढता येणार नाही! माय रोज वर जायची ती घर्षणाच्याच आधाराने. एका पहाटे दवाने तो थोडा कमी केला, एवढंच. चार पर्यायांत दवाला जागा नव्हती. मागे कुणीतरी खोकलं, आणि तिने भानावर येत सूत्र मांडलं, बरोबर उत्तराचं वर्तुळ काळं केलं — बरोबरच होतं ते, तरी मायच्या पायाखालून आपणच काहीतरी काढून घेतलं असं तिला वाटत राहिलं.

केंद्राबाहेर माय थांबली होती. शिकवलेलंच आलं का, एवढं तिने विचारलं. मंगल हो म्हणाली. मग दोघी बीडहून निघालेल्या एसटीत बसल्या. पेपर किती सुटला, किती गुण पडतील, हे मंगलच्या मनात यायला हवं होतं. येत नव्हतं.

"माय, ती फळी किती तिरपी होती?"

छबुबाईने तिच्याकडे पाहिलं. मग तळवा हवेत तिरका धरला. "इतकी. कावून गं?"

गाडी हिंदकळत होती, मायचा हात वरखाली होत होता, आणि मंगल डोळ्यांनी तो कोन मोजू पाहत होती — कुणी न विचारलेला, आणि तरी आता सोडवल्यावाचून सुटका नसलेला.