कडेवर संत्र्याची चकती

मित्रांनो, मी एक जुना काचेचा जग आहे. दोन लिटर पाणी मावेल एवढं माझं पोट, धरायला जाड कान आणि ओठाला एक टवका. खरं सांगायचं तर मी आता थकलो आहे. एका जागी नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी जिवावर येतं.

माझा जन्म भट्टीत झाला, पण आठवण सुरू होते ती करोल बागेतल्या क्रॉकरीच्या दुकानापासून. प्रमोदिनीताईंनी मला टिचकी मारून पाहिली, आवाज पसंत केला आणि मला व माझ्या जुळ्या भावाला वर्तमानपत्रात गुंडाळून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. पहिला उन्हाळा आम्ही पन्ह्यात काढला. फार सुखाचे दिवस होते ते.

मग त्यांच्या यजमानांना, उल्हासरावांना, बढती मिळाली आणि घरात पार्ट्या सुरू झाल्या. उल्हासरावांना पंच करण्याचा भारी नाद. कोरा चहा, संत्र्याचा आणि आल्याचा रस, साखरेचा पाक आणि रत्नागिरीहून आलेलं कोकमाचं आगळ, हे सगळं ते सकाळीच माझ्यात ओतून लाकडी पळीने ढवळायचे. पाहुणे येण्याआधी रम. सोडा आणि बर्फ अगदी शेवटी, नाहीतर सगळं मचूळ लागतं. भावाच्या पोटातही तेच, फक्त रम नाही. तो मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी. गल्लत होऊ नये म्हणून माझ्या कडेवर संत्र्याची चकती खोचायची, ही खूण. पुढे भाऊ बेसिनमध्ये फुटला आणि त्याची जागा स्टीलच्या कळशीने घेतली. चकतीवाला मोठ्यांचा, कळशी मुलांची, हे मग सगळ्या कॉलनीला पाठ झालं.

कौतुक पुष्कळ झालं. पण कौतुक करणारे घरी जातात आणि आम्ही मोरीत पडतो. चिकट पोट, तळाशी सालं आणि घासताना प्रमोदिनीताईंचे दुखरे हात. दर आठवड्याला तेच. मला त्याचा वीट आला होता, आणि त्यांनाही.

माझ्यातून सगळ्यांत जास्त घ्यायचे ते उल्हासरावांचे ऑफिसातले मित्र दत्तात्रय. आधी हसायचे, मग गायचे, मग बोलेनासे व्हायचे. एका पार्टीतून निघताना ते जिन्यात पडले. कपाळाला चार टाके पडले. त्यांची दहा वर्षांची मुलगी सृष्टी त्यांच्या चपला हातात घेऊन गुपचूप खाली उतरली. त्यांच्या पोटात जे गेलं होतं ते माझ्यातूनच गेलं होतं, मित्रांनो. भांड्यांना लाज वाटत नाही असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

त्यानंतर दत्तात्रयांनी दारू सोडली. पार्ट्यांना येणंही सोडलं. अकरा महिने असे गेले आणि यंदा उल्हासरावांची बदली नागपूरला झाली. रविवारी दुपारी निरोपाचं जेवण ठरलं. आदल्या दिवशी दत्तात्रय सामान बांधायला आले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाले, "उद्या मला नको बोलावू, यार. कळशीतलं घेतलं की सगळे बघत राहतात. आणि कोणी चकतीवाल्यातलं हातात दिलं, तर माझा माझ्यावरच भरवसा नाही."

"तू ये रे. बाकी माझ्यावर सोड," उल्हासराव म्हणाले.

रविवारी त्यांनी रमची बाटली उघडली, थोडा वेळ हातात धरली आणि तशीच बंद केली.

"अहो, लोक काय म्हणतील?" प्रमोदिनीताईंनी विचारलं.

"त्यांना चकती दिसली की बास." आणि त्यांनी माझ्या कडेवर चकती खोचली.

दत्तात्रयांना हे सांगायचं मात्र त्या गडबडीत राहून गेलं.

पाहुणे जमले. शेजारचे नरसिंहराव तिसऱ्या ग्लासालाच खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "आज तो उल्हासजी ने हाथ खुला छोड़ दिया." दोघेजण तर गाऊही लागले. माझ्या पोटात नुसतं सरबत होतं. हसावं की रडावं ते मला कळेना.

प्रमोदिनीताई स्वयंपाकघरात होत्या, उल्हासराव बर्फ आणायला खाली गेले आणि नेमके तेव्हाच दत्तात्रय सृष्टीला घेऊन आले. दाराशी चपला काढून ते थेट कळशीकडे वळले.

"अरे दत्ताजी, बच्चोंवाला?" नरसिंहरावांनी माझ्यातला ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. "आज तो फेयरवेल है. एक से क्या होता है?"

मला ओरडावंसं वाटलं. ते प्यायले असते तर पोटात सरबतच गेलं असतं, पण ते त्यांना कुठे माहीत होतं? त्यांच्या हिशेबी अकरा महिने पाण्यात गेले असते, आणि मग खऱ्या बाटलीला कोणी अडवलं असतं? दत्तात्रय ग्लासाकडे बघत राहिले. सृष्टी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती दाराशी काढलेल्या त्यांच्या चपलांकडे बघत होती.

"नहीं जी," ते शेवटी म्हणाले. "मेरे लिए बच्चोंवाला ही ठीक है." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. ठेवताना थोडं टेबलक्लॉथवर सांडलं.

सृष्टीने तो ग्लास बेसिनमध्ये ओतायला उचलला, नाकाजवळ नेला आणि थांबली.

"बाबा, ह्याला तो वास नाहीये."

उल्हासराव बर्फ घेऊन दारात उभे होते. "घातलीच नाहीये, दत्ता. आज कुठेच नाहीये. तुला सांगायला हवं होतं, चुकलो मी."

नरसिंहरावांनी खुर्चीची पाठ हळूच सोडली. कोणीतरी हसलं. दत्तात्रय हसले नाहीत. "नाही सांगितलंस तेच बरं झालं," ते म्हणाले. "आता मला माझं कळलं."

नागपूरला जाताना उल्हासरावांनी मला दत्तात्रयांच्या हाती सोपवलं. आता मी त्यांच्या फ्रिजमध्ये असतो आणि पोटात साधं पाणी असतं.

मित्रांनो, काचेची भांडी हलक्या हाताने घासा, हे मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं, की घरी आलेला पाहुणा नको म्हणाला तर त्याचा ग्लास पुन्हा भरू नका. त्या एका 'नको'साठी त्याला किती बळ लागलं असेल, ते तुम्हाला दिसत नाही.

सृष्टी अजूनही पाणी ओतून घेण्याआधी नाक माझ्या तोंडाशी आणते. रोज आणते. मी फार थकलो आहे, पण एक दिवस ती वास न घेता पाणी पिईल, तोवर मला फुटून चालणार नाही.