जिवाणीची कळशी

खण्ण.

घरात अजून कुणी बोललेलं नसतं. बाहेर नुकतं उजाडू लागलेलं असतं. साक्षी ओल्या केसांना पंचा गुंडाळून मागच्या दारी येते, खुंटीवरून मला काढते, आणि माझ्या बुडाची कडी अंगावर आपटून हा एवढासा आवाज होतो. त्या आवाजाने आत तिची सासू चंदनबाला कूस बदलते. तिला कळतं, पाणी निघालं.

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी कळशी आहे. आकाराने लहान, वर्णाने काळवंडलेली. तुमच्या घरी कळशी असेल तर तिच्या बुडाला कडी नसेल. माझ्या एक गळ्याशी आहे आणि एक बुडाला, बाहेरून. मिरजेत सतारी आणि तंबोरे करतात त्या गल्लीच्या मागे एक तांबट बसायचा, त्याने मला ठोकून घडवलं. पलीकडे कुणी तारा लावत असायचं आणि इकडे माझ्यावर हातोडा पडायचा. दुसरी कडी जोडताना तांबटाने विचारलं, "बुडाला कडी कशाला वं? उलटं टांगायचं हाय का काय भांडं?" चंदनबालेचे वडील म्हणाले, लेकीला द्यायची आहे, तिला कळतंय कशाला ते.

तुम्हालाही सांगते. आमचं घर जैनांचं, मिरजेपासून थोडं पुढे, कृष्णेच्या काठी. आडातून पोहऱ्याने पाणी काढायचं आणि दुहेरी कापडातून ते गाळायचं. कापडावर काही दिसत नाही, पण तिथे बारीक जीव असतात, असं या घरात सगळे मानतात, आणि मीही मानते. मग ते कापड माझ्या तोंडावर उलटं धरायचं आणि वरून गाळलेलंच पाणी ओतायचं. जे जीव कापडावर राहिले ते माझ्यात येतात. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ज्या आडातून ते आले त्याच आडात ते परत सोडायचे. वरून फेकायचे नाहीत, त्यांना लागतं. माझी दोरी बुडाच्या कडीला पक्की बांधलेली असते, आणि तिच्यावरचा एक आकडा गळ्याच्या कडीत अडकवलेला. मी सरळ उभी खाली जाते. बूड पाण्याला टेकलं की दोरी सैल पडते, आकडा निसटतो, आणि वर ओढताना मी अलगद ओणवी होते. पोटातलं सगळं पाण्यात मिसळतं. कुणाला चाहूलही लागत नाही.

एवढंच माझं काम. खाली जायचं, रिकामं व्हायचं, वर यायचं. चाळीस वर्षं झाली, मी या एका आडाखेरीज दुसरं पाणी पाहिलेलं नव्हतं. कृष्णा हाकेच्या अंतरावर आहे, पण मला कुणी तिकडे नेलं नाही. एकोणीस सालच्या पुरात तीच घरात आली, तेव्हा मी माळ्यावर होते. नुसता आवाज ऐकला.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. चंदनबाला मला रोज चिंचेने घासायची. बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, येणाऱ्या बायका मला हातात घेऊन बघायच्या, अशी कळशी आता मिळत नाही म्हणायच्या. पुढे एका चातुर्मासात गावात महाराज आले आणि चंदनबालेने नियम घेतला. जन्मभर नळाचं पाणी घ्यायचं नाही. घ्यायचं ते आडाचं, हाताने काढलेलं, गाळलेलं, आणि जिवाणी ज्याची त्याला परत दिलेलं. तेव्हा तिचे हात धड होते. पुराचा चिखल काढताना ती पडली, उजवं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. दोरी तिच्या हातून सुटली.

त्यानंतरच्या लग्नसराईत तिच्या मुलाचं, अतिशयचं लग्न झालं आणि साक्षी आली. ती कोयनानगरची. तिचे वडील धरणावर नोकरीला, कॉलनीतल्या खोल्यांत वाढलेली, नळाखाली ओंजळ धरून पाणी पिणारी पोर. तिनेही मंत्र ऐकलेले होते, उपास पाहिलेले होते, पण आडात वाकून कधी बघितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दोरी तिच्या तळव्यातून सरकली आणि मी दगडावर आपटले. माझ्या पोटाला पोचा आहे तो तेव्हाचा. ती रडायला लागली. चंदनबाला पायरीवर बसून म्हणाली, "रडतीस कशाला? तांबं हाय ते. पोचलं तरी पाणी धरतंय."

मला तेव्हा वाटलं होतं, या दोघींचं जमेल. जमलंही. पण मित्रांनो, एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. गाळलेलं पाणी दोन घटकाच, म्हणजे पाऊण तासच चालतं. उकळून ठेवलं तर आठ प्रहर, म्हणजे एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. साक्षीची दोरी तेवढीच लांब. अतिशय कुपवाडच्या कारखान्यात कामाला, तो अंधारातच पहिल्या पाळीला निघतो, आणि उजाडल्याशिवाय पाणी काढत नाहीत. साक्षीच्या बाळंतपणात आणि महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत चुलत जाऊ येऊन पाणी काढायची, तिचं बिऱ्हाड गेल्या दिवाळीत पुण्याला गेलं. तेव्हापासून त्या चार दिवसांत चंदनबाला स्वतःच काढते. एक तांब्याभर, दोन्ही हातांनी, ओठ दाबून. मग पंधरा-पंधरा दिवस मनगट सुजलेलं असतं. साक्षी सहा वर्षांत माहेरी गेली ती सकाळी पाणी काढून निघायची, दोन तास बसायची आणि दिवेलागणीला परत. लेक ब्राह्मी झाल्यावर तेही कमी झालं.

या मे महिन्यात तिच्या बाबांचा फोन आला. ते निवृत्त होणार होते. एकतीस तारखेला खोल्या सोडायच्या आणि मुलाकडे पुण्याला जायचं. साक्षी त्या खोल्यांत जन्मली होती. तिला चार दिवस तिथे राहायचं होतं, एकदाच. ती हे सासूला कसं सांगावं याचा आठवडाभर विचार करत होती. मला कळायचं, कारण दोरी तिच्या हातात थांबून थांबून सुटायची. शेवटी एका सकाळी गाळणं वाळत घालताना, मान न वळवता ती बोलली.

"आत्ती, बाबांची खोली एकतीसला सोडायची हाय. चार दिवस जाऊन यीन म्हणते."

"जा की," चंदनबाला म्हणाली. "माहेर हाय तुजं. मला काय, चार दिवस पाण्याबिगर हुतंय. उपास काय नवीन हाईत व्हय मला?"

ती टोमणा मारत नव्हती. तिचं मनगट अजून सुजलेलं होतं आणि ती खरंच तसं करणार होती. त्यामुळेच साक्षीला भांडताही आलं नाही. भांडायला समोर कुणी असावं लागतं.

दोन दिवसांनी शेजारची हरणाबाई भिंतीवरून डोकावली. "काय गं, अजून हितंच? मला वाटलं गेलीस. सासूनं आडाला बांधलंया का काय तुला? कळशीची दोरी दिसती तरी, तुजी दिसत बी न्हाई."

साक्षी हसली. पण सासरे, अण्णाप्पा, तिथेच हौदावर पाय धूत होते. त्यांचं पाय धुणं थांबलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की चार दिवस पाणी ते काढणार. चंदनबालेला हसू आवरेना. "तुमी? चाळीस वर्सं पिलासा, कवा आडात वाकून बगितलंसा?"

"शिकतो की. पन्नाशीला ट्रॅक्टर बी शिकलोच."

तीन सकाळी साक्षीने त्यांना शिकवलं. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून अण्णाप्पा आडाशी उभे राहायचे आणि ऊस तोडणारे ते जाड हात गाळण्याची टोकं धरताना अवघडायचे. ब्राह्मी शेजारी बसून देखरेख करायची. आज्जा, असं न्हाई, उलटं धरायचं. आज्जा, मंत्र म्हणला न्हाईस. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातून एकही धक्का न लागता खाली गेले आणि वर आले. चंदनबालेने ते पाणी मागून घेतलं. त्या सकाळी मला इतकं हलकं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी साक्षी ब्राह्मीला घेऊन पहिल्या एसटीने निघाली. जाताना तिने माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला. ब्राह्मीला नवा फ्रॉक होता.

मग अण्णाप्पा आले आणि त्यांनी आडात वाकून बघितलं. मे अखेरचा आड, पाणी तळाला गेलेलं आणि त्यात रात्री कुठूनतरी माती ढासळलेली. पाणी गढूळ होतं. बायकोला असलं पाणी कसं द्यायचं, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी हंडा, पोहरा, गाळणं आणि मला मोपेडवर घेतलं आणि मळ्यातल्या विहिरीवर नेलं. मी पहिल्यांदाच ऊस पाहिला. विहीर खोल आणि काचेसारखी होती. त्यांनी सगळं नीट केलं. विहिरीवरच्या रहाटाला पोहरा लावून पाणी काढलं, मंत्र म्हटला, गाळणं उलटं धरलं, जिवाणी माझ्यात घेतली. मला सोडायला गेले तर माझी आकड्याची दोरी निम्म्यातच संपली. ती घरच्या आडाच्या मापाची. इतक्या उंचावरून ओतलं तर जिवांना लागेल, म्हणून त्यांनी ओतलं नाही. मला मांडीशी धरून, एक थेंब न सांडता, एका हाताने गाडी चालवत ते घरी आले आणि त्यांनी मला आमच्या आडात अलगद सोडलं.

मी ओणवी झाले. मित्रांनो, माझं काम ओणवं होण्याचं. मला थांबता येत नाही.

आठ वाजता चंदनबालेच्या हातात पाण्याचा पेला देऊन ते कौतुकाने सांगू लागले. "मळ्यातलं हाय. लय निवळ. आनि जिवाणी बी टाकली न्हाई बरं. घरी आणून गार सावलीत सोडली समद्यांस्नी."

पेला तिच्या ओठांपासून खाली आला.

"आवं," ती हळू म्हणाली, "एका पाण्यातलं दुसऱ्या पाण्यात जगत न्हाई."

"दोनी बी पाणीच की गं."

"पाणीच. पर त्येंचं न्हवं."

ती रागावली नाही. तिने पेला झाकून ठेवला, चटई अंथरली आणि जपमाळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी तिने पाणी वर्ज्य केलं. अण्णाप्पा मागच्या दारी येऊन आडाच्या कठड्यावर बसले. बराच वेळ ते आत बघत होते. मग त्यांनी फोन लावला. पलीकडून कराडच्या स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती.

"साक्षी, पोरी," ते म्हणाले, "तिकडचं हिकडं सोडलेलं परत कसं काढायचं गं?"

साक्षीने सगळं विचारून घेतलं. मग तिने विचारलं, आत्तींनी पाणी घेतलं का? न्हाई घेतलं, अण्णाप्पा म्हणाले. पुढे सगळा दिवस तापायचा होता. परत ये असं कुणीही तिला म्हटलं नाही. माहेरच्या वाटेची, पाटणची गाडी समोर लागली होती. आई चढली आणि उतरली, असं ब्राह्मीने नंतर मला ऐकू जाईल असं सांगितलं.

दुपारी दीडला ती दारात होती. चंदनबालेने विचारलं, "का आलीस?" साक्षी उंबऱ्याशी बसली. मग चंदनबालाच पुन्हा बोलली. "आमचा शेडबाळचा आड भावानं बुजवला. त्येला अकरा वर्सं झाली. तवापासनं मी बी माहेरला गेले न्हाई. घ्यायचं काय तिथं? नियम माजा हाय पोरी. तुज्या गळ्यात पडला." आणि तिने साक्षीचा हात आपल्या वाकड्या मनगटाखाली धरून ठेवला, माळ संपेपर्यंत. ती नियम सोडते म्हणाली नाही. साक्षीनेही सोडा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना कडी वाजली, साक्षीने तळाचं पाणी चार वेळा निवळू देऊन गाळलं आणि मी रोजच्यासारखी खाली गेले.

एकतीस तारखेला बाबांचा फोन आला, तो आडाशीच. तिने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात माझी दोरी. ते रिकाम्या खोल्या दाखवत होते. न्हाणी, कट्टा, भिंतीवरची भूकंपाची भेग. लहानपणी साक्षी तिच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारून ठेवायची, भेग वाढली का बघायला. "रेघ हाय अजून," बाबा म्हणाले. "भेग काय वाढली न्हाई बघ." मग चित्र थांबलं आणि फोन बंद झाला.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारी भांडी शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, घासा, अडगळीत टाकू नका. मला जपतात. पुराचे दिवस सोडले तर चाळीस वर्षांत मी एकही दिवस उपाशी राहिले नाही आणि जे माझ्या पोटात आलं ते मी त्याच्या घरी पोहोचवलं, एक सकाळ सोडून. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरात जो कुणी सगळ्यांचं धर्माचं, देवाचं, उपासतापासाचं बिनबोभाट सांभाळत असेल, त्याच्या हाताकडे एकदा बघा. दोरीचा वळ तळव्यावर कुठून कुठपर्यंत गेलाय ते बघा. आणि एखाद्या सकाळी ती दोरी धरायला शिका. नीट शिका, चुकलात तरी पुन्हा शिका. अण्णाप्पा आता रोज उजाडताना येऊन उभे राहतात. चंदनबालेने अजून त्यांच्या हाती मला दिलेलं नाही.

आज सकाळी ते कोपऱ्यात उभेच होते. साक्षी मला सोडत होती आणि ब्राह्मी कठड्याला हनुवटी टेकून बघत होती.

"आई, ज्या आडातलं, त्याच आडात सोडायचं ना?"

"व्हय."

"न्हाई तर जगत न्हाईत?"

"न्हाई जगत."

मी निम्म्यावर होते. खाली अंधारात पाण्याचा लहानसा डोळा दिसत होता. वरून दोरी थांबली.

"मग तुला परत कवा सोडायचं?"