पानांना बकरम

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड होतात ते खिडकीतल्या कुंडीतल्या रोपाचे. माझी बायको वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. ज्या जंगली झाडाचं हे रोप, तसली झाडं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. त्याचं बी जरा वाळलं की मरतं, म्हणून रुजलेलं हे एकच. त्याला दिवसभर फवारा, उन्हाला पडदा. मी माझा चहा स्वतः करून घेतो. तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

मूळ झाड पाहायला आठवडाभर जंगलात जाताना ती म्हणाली, "घराचं काय व्हायचं ते होऊ दे, एवढं जिवंत ठेव. आल्यावर बागेत लावायचंय."

दोन-तीन दिवसांत शेंड्याला नव्या पानांचा झुबका फुटला. फिकट गुलाबी, लिबलिबीत, ओल्या रुमालांसारखा खाली लोंबणारा. मला वाटलं, रोप गेलं. जंगलात रेंज नव्हती. मी खालच्या दुकानातून बाबांना बोलावलं. आम्ही दोघेही शिंपी.

बाबांनी कापड पाहावं तसं पान चिमटीत धरून पाहिलं. "यात जीवच नाही. आतून बकरम लागेल."

"बाबा, ते झाड आहे. कॉलर नव्हे."

"माझ्या हातची एक तरी कॉलर पडलेली पाहिलीस?"

पाहिली नव्हती. माणूस असा फसतो.

आम्ही पानांच्या मापाचं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं कडक कापड, कापलं. बाबांनी सगळ्यात बारीक सुई काढली आणि कडेकडेने कच्चा टाका घालायला घेतला. पानाचं लांबुळकं टोक शिवणीत बसेना.

"हे शेपूट छाटू का?"

"अजिबात नाही. पावसाचं पाणी ओघळायची सोय आहे ती. हिने सांगितलंय."

"सोय असेल तर राहू दे," बाबा म्हणाले. सोयीला ते फार मान देतात.

पाच पानं शिवून झाली आणि कोटाचं माप द्यायला गिऱ्हाईक आलं. उरलेली पानं तशीच लोंबत राहिली. बायको येईपर्यंत त्या उरलेल्या पानांनीच आमची अब्रू काढली. आपोआप हिरवी झाली, ताठ झाली. शिवलेली मात्र आजाऱ्यासारखी पडून होती, आणि ती उसवायचा मला धीर होत नव्हता.

ती चिखलाच्या बुटांनीच खिडकीपाशी गेली.

"हे काय आहे?"

"कच्चा टाका आहे, सूनबाई," बाबा म्हणाले. "लगेच निघेल."

"बाबा, याची कोवळी पानं अशीच लोंबतात. मेल्याचं सोंग. कुणी खाऊ नये म्हणून असावं."

"मग तसं सांगून जायचं ना," मी म्हणालो. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग ती जमिनीवरच बसली. वादळात मूळ झाड कोसळलं होतं, आणि उरलेल्यांत बी धरणारं तेवढं एकच होतं. "आता बी मिळेल तर यालाच," ती म्हणाली. एका कुंडीवर जळत होतो मी इतके दिवस. मला स्वतःची लाज वाटली.

बाबांनी चष्मा पुसला आणि एकेक टाका उसवला. चार पानं वाचली. पाचवं गळून त्यांच्या तळहातावर पडलं.

"हे माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले.

ती रडता रडता हसायला लागली. "बाबा, रोप ठणठणीत आहे. एका पानाने काही होत नाही."

रोप बागेत लागलं. परवा त्याला पुन्हा गुलाबी झुबका आला, आणि बाबा हात पाठीमागे बांधून लांबूनच पाहून आले. गळलेलं पान तिने दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवलं. खाली तिच्या शिस्तीप्रमाणे वर्णन लिहिलं : 'टोक लांबट, पाणी निथळण्यासाठी. कडेने समान अंतरावर बारीक छिद्रे. कारण : सासरे.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग 'समान' या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. माझे टाके कधीच समान येत नाहीत.