खाण बुजवायच्या आदल्या दिवशी

गेल्या वर्षी माझं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मुलगा कामावर जाताना गजांच्या दाराला बाहेरून कुलूप लावतो. काळजीपोटीच. पण कुलूप ते कुलूपच.

त्या दुपारी माझा धाकटा भाऊ गजांपलीकडे येऊन उभा राहिला. वय सत्तरीपुढे, खांद्यावर टॉवेल.

"ताई, चल. उद्यापासून खाण बुजवतायत."

दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली. शाळा सुटली की दप्तरं कपारीत कोंबून आम्ही थेट उडी मारायचो. वरचं पाणी कोमट, पाय खाली सोडले की नुसता बर्फ. हा भित्रा माझी वेणी धरून पोहायचा; घरी येईस्तोवर माझी मान अवघडलेली असे. पुढे मी मोठी झाले आणि आईने माझं पोहणं बंद केलं. याचं चालूच राहिलं.

मी मुलाला फोन लावला.

"आई, पाय घसरला म्हणजे?"

"तिथे पाय टेकतच नाही, घसरेल कुठून?"

"रविवारी नेतो. आत्ता साहेब जागचं हलू देणार नाहीत."

"रविवारी काय, ढिगाऱ्यावर पोहू?"

त्याने फोन ठेवलाही होता.

धाकटा कुलूप हिसडून बघत होता. "घरात हातोडी आहे?"

होती. गजांतून बाहेर देताना मला हसूच आवरेना. त्याने पाच-सहा घाव घातले. कुलपावर ओरखडा नाही.

"तुझ्या पोराने तिजोरीचं आणलंय का गं?" तो धापा टाकत म्हणाला.

आवाजाने शेजारीण डोकावली आणि चोर समजून तिने मुलाला कळवलं. मग काय, साहेबजादे लगोलग हजर! खाणीसाठी न मिळणारी सुट्टी कुलपासाठी मिळाली.

दार उघडलं. मी चपला घालूनच उभी होते.

"मामा, तुम्हीसुद्धा? या वयात?"

"तूही चल," मी म्हटलं. "काठावर बस. थोडा वेळच."

त्याने मामाला हाताला धरून आत आणलं, कोचावर बसवलं, दाराला आतून कडी घातली आणि मामाच्या मुलीला फोन लावला. "ताबडतोब ये. यांनाही आता एकटं सोडायची सोय नाही."

धाकटा एवढासा झाला. आम्ही शेजारी शेजारी बसून राहिलो. बाहेर ऊन उतरत चाललं होतं.

"ताई," तो म्हणाला, "आज मी आधी उडी मारणार होतो."

"हळू बोल," मी म्हटलं. "त्याला ऐकू जाईल."